म म्हणताना धरलेला हात

दात घासण्याची हिंमत

त्या दिवसांत सकाळी दात घासायला मला वीस मिनिटं लागायची. त्यातली दोन घासण्याची, बाकीची हिंमत गोळा करण्याची. ब्रश हातात, नळ सुरू, आणि मी आरशातल्या बाईकडे बघत उभी. बाहेरून नवरा विचारायचा, "झोपली काय अंदर?" मी उत्तर देत नसे. उत्तर द्यायचं तर ओठ हलवावे लागणार, आणि ओठ हलले की उजव्या गालात वीज पडणार.

वीज हा शब्द मी उगाच वापरत नाही. उघड्या तारेला ओला हात लागला की कसं होतं, तेच, पण वरच्या ओठापासून हिरडीतून थेट नाकाच्या बाजूपर्यंत. दोन-चार सेकंदांत संपायचं. मग काहीच नाही. मग पुन्हा. संपल्यावरही मी पुढच्या झटक्याची वाट बघत ताठ बसायची, आणि ते वाट बघणं जास्त वाईट होतं.

मी आरमोरीत राहते. जंगलातल्या एका लहान गावी जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे, तिथे पहिली आणि दुसरीला शिकवते. मुलं घरी गोंडी बोलतात, मराठी माझ्या तोंडाकडे बघून शिकतात. माझ्या जिभेला धार आहे असं घरचे म्हणतात आणि त्यांचं काही चुकत नाही. हे सगळं लिहिते आहे ते एवढ्यासाठीच, की माझ्यासारखं दुखणं घेऊन कुणी दातांच्या मागे लागला असेल तर त्याच्या दाढा वाचाव्यात. माझ्या दोन गेल्या.

दोन निरपराध दाढा

सुरुवात दिवाळीनंतरच्या थंडीत झाली. स्कूटीवरून शाळेत जाताना वाऱ्याची झुळूक गालाला लागली आणि मी स्कूटी रस्त्याच्या कडेला घालून तिथेच बसले. वाटलं, दाढ असणार. तोंडात दुखलं की माणसाला दाढच सुचते.

आमच्या जिल्ह्यात कुणी जबड्याशी हात नेला की समोरचा एकच प्रश्न विचारतो. बस स्टँडवरच्या बाईने विचारलं, औषधाच्या दुकानात विचारलं, माझ्या सख्ख्या नणंदेनेही विचारलं, "खर्रा खाते काय वं?" सुपारी-तंबाखूच्या त्या मिश्रणाने इथे घराघरात तोंडं खराब केली आहेत, म्हणून विचारण्यात चूक नाही. पण मी आयुष्यात कधी चिमूटभर तोंडात टाकला नाही. वर्गात मुलांच्या खिशातून पुड्या काढून फेकणारी मी, आणि गावभर माझीच चौकशी.

ब्रह्मपुरीच्या दातांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, दाढ ठोकून बघितली. म्हणाले, "बाई, दाढ चांगली आहे. हे दाताचं वाटत नाही. तुम्ही नागपूरला दाखवा."

मी म्हटलं, "डॉक्टर, दुखते मले का तुमाले?"

पहिल्या वेळी त्यांनी ऐकलं नाही. दुसऱ्या वेळी मी खुर्चीतून उठणार नाही असं सांगितलं. शेवटी त्यांनी इंजेक्शन देऊन दाढ काढली. त्या इंजेक्शनने गाल लाकडासारखा झाला आणि ब्रह्मपुरी ते आरमोरी बसमध्ये खिडकीशी बसूनसुद्धा एकही झटका आला नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "पाहा, दाढच होती." संध्याकाळी बधिरपणा उतरला आणि वीज परत आली, बरोबर त्याच जागी, जिथे आता दाढ नव्हती.

शहाण्या माणसाने इथे थांबायला हवं होतं. मी महिनाभराने शेजारची दाढही काढून घेतली. डॉक्टरांचा यात काही दोष नाही, त्यांनी दोन्ही वेळा सांगितलं होतं. हट्ट माझा होता.

शाळेसाठी राखलेलं तोंड

बोलणं मोजून करायला लागले. दिवसभरात जेवढं सहन होईल तेवढं वर्गासाठी राखायचं आणि घरी मुकं राहायचं, असा माझा हिशेब होता. वर्गातही अडचण होतीच. इतर अक्षरं कशीबशी निघायची, पण ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत अशी पाच आहेत: प, फ, ब, भ, म. पळस, फांदी, बांबू, भात, मोह. आमच्या मुलांच्या ओळखीच्या सगळ्या गोष्टी नेमक्या त्याच पाचांत. ओठाला ओठ टेकला की झटका.

मग मी एक युक्ती काढली. त्या अक्षरांच्या वेळी उजव्या गालापासून बोटभर अंतरावर तळहात आडवा धरायचा. गालाला लावायचा नाही, लावला तर मेलेच. नुसता वारा अडवायचा आणि मन घट्ट करायचं. हात धरायचा, "म" म्हणायचं, डोळे मिटून दोन सेकंद थांबायचं, मग पुढे.

वर्गात मैना नावाची एक मुलगी होती, पहिलीतली, सगळ्यांत पुढे बसणारी. तिच्या नावातच म. मी तिला चिंगी म्हणायला लागले. झटका आला की मी टेबलाला धरून वाकायची, तेव्हा ही पोर ग्लास भरून आणायची आणि म्हणायची, "बाई, येर." येर म्हणजे पाणी. तिने एकदा विचारलंही, "बाई, तुमी सगळ्याईचं नाव घेता, माह्यं काऊन नाई घेत?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी विलासचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, वेगळंच सुरू होतं. तो राईस मिलमध्ये आहे, दिवसभर यंत्रांच्या आवाजात असतो, घरी आल्यावर त्याला दोन शब्द हवे असतात. मी पाटीवर लिहून दाखवायची, "भाजी गरम करून घ्या." एक दिवस त्याने ती पाटी उलटी ठेवली.

"शाळेतल्या पोट्ट्याईसाठी तोंड उघडते. माह्यासाठीच बंद?"

"तुमी बोलता तेवढं पुरे आहे," असं मी लिहिलं. तो न जेवता उठला. मला वाईट वाटलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. त्या रात्री मीही जेवले नाही, पण माझं कारण चावता येत नाही हे होतं.

मुख्याध्यापक उईके सरांनी तोडगा काढला. "बाई, तुमी चौथी घ्या. तिथी पोट्ट्याईले लिवाले देता येते, बोला लागत नाई. पहिली मी पाहतो." सर भले आहेत. पण पहिलीला लिहायला देऊन चालत नाही, तिथे तोंड दाखवावं लागतं. वीस वर्षं मी तेच केलं आहे, मला दुसरं काही नीट येतही नाही. मी सरांना मानेनेच नाही म्हटलं.

केंद्रप्रमुख आले

जानेवारीत केंद्रप्रमुख शाळा बघायला आले. पहिलीच्या मुलांना म्हणाले, "चला, अक्षरं म्हणा." मुलांनी क पासून सुरुवात केली. खणखणीत आवाज, मला बरं वाटलं. न हे अक्षर म्हणून झाल्यावर सगळी थांबली. सतरा मुलांनी एकाच वेळी उजवा हात उचलला, गालापासून बोटभर अंतरावर आडवा धरला आणि म्हटलं, "प!" मग डोळे मिटले. दोन सेकंद. "फ!" पुन्हा डोळे मिटले.

केंद्रप्रमुखांनी माझ्याकडे बघितलं. मग मुलांना विचारलं, "हे हाताचं काय?"

मैना उभी राहिली. "सर, हात धरल्याबिगर हे पाच येत नाई."

ते खो खो हसले. उईके सरही हसले. म झाल्यावर मुलांनी शिस्तीत हात खाली घेतले आणि य, र, ल पुढे सुरू केलं. मला हसू आलं नाही. माझं दुखणं मी एकटी गिळते आहे असं मला वाटत होतं, आणि इकडे सतरा मुलं ते अक्षरासकट पाठ करत होती. त्या दिवशी घरी जाऊन मी विलासला पाटीवर न लिहिता तोंडाने सांगितलं, झटका सोसून सांगितलं, "उद्या नागपूरले जाऊ."

दुखण्याला नाव मिळालं

नागपूरच्या डॉक्टर मेंदू आणि शिरांच्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलणं तुटक. त्यांनी विचारलं, "कुठे दुखतं ते दाखवा." मी बोटाने दाखवलं. त्या लगेच म्हणाल्या, "तुम्ही गालाला बोट लावलं नाहीत."

"लावलं त करंट लागते."

"तेच. दाढ दुखणारा माणूस गाल दाबून धरतो. तुम्ही हात लांब ठेवता."

त्यांनी समजावलं: चेहऱ्यावरची जाणीव मेंदूकडे नेणारी एक मोठी शीर असते, ती चेतली की असं होतं, दाताचा काही संबंध नसतो. त्याचं एक लांबलचक इंग्रजी नावही त्यांनी कागदावर लिहून दिलं. जिभेने दोन रिकाम्या जागा चाचपल्या. दुखण्याला नाव मिळाल्यावर रडू आलं, पण ते भीतीचं नव्हतं. विलासला मात्र घाम फुटला होता. "डोक्यात काही आहे काय, मॅडम?" मोठ्या मशीनमध्ये डोक्याची तपासणी झाली, गाठ वगैरे काही नव्हतं. तो बाहेर जाऊन दोन चहा घेऊन आला, आणि मला गरम चालत नाही हे आठवून दोन्ही स्वतःच प्याला.

गोळ्या सुरू झाल्या. ज्यांना लागू पडतात त्यांनी आनंदाने घ्याव्यात, बऱ्याच लोकांचं त्यांच्यावर भागतं. मलाही निम्मं बरं वाटलं, पण मी चालताना भेलकांडायला लागले. फळ्याकडे तोंड केलं की काय लिहायचं तेच विसरायची. एके दिवशी हजेरी घेताना पाच मुलांची नावं आठवेनात, समोर बसलेली असताना. गोळी वाढवली की मी झोपेत, कमी केली की वीज परत. असे दोन महिने गेले.

दोन तास

डॉक्टर म्हणाल्या, दुसरा उपाय आहे. गालातून सुई घालून त्या शिरेच्या मुळाशी थोडी उष्णता द्यायची. दुखणं वाहून नेणारा भाग बोथट होतो. बदल्यात तिथला गाल बहुधा कायमचा बधिर राहील.

मला बधिरपणाची भीती नव्हती. माझी भीती वेगळी होती. मूल गावच्या माझ्या मावशीला लकवा झाला होता, तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं ते तसंच राहिलं. ती "माय" म्हणायची ते "हाय" असं ऐकू यायचं.

मी विचारलं, "मॅडम, दुखणं नाई गेलं तरी चालन. माहा ओठच मिटला नाई त मी पहिलीले शिकवू कशी?"

त्यांनी मला वेड्यात काढलं नाही. कागदावर चेहरा काढला. "जाणवून देणारी शीर ही. ओठ मिटवणारी, हसवणारी शीर पूर्ण वेगळी, ती इकडून येते. तिला आम्ही हात लावत नाही. चावण्याची ताकद काही आठवडे कमी होऊ शकते, तेवढा धोका आहे. आणि काही वर्षांनी दुखणं परत येऊही शकतं, हे मी लपवत नाही." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुमचा माझ्यावर विश्वास बसणार नाही. आधी दोन तासांपुरतं बधिर करून बघू. तुमचं तुम्हीच ठरवा."

गालात एक छोटं इंजेक्शन. हळूहळू वरचा ओठ, नाकाची बाजू, हिरडी सगळं नाहीसं झालं. मी हाताने चाचपलं तर दुसऱ्याच कुणाचा गाल. पाच महिन्यांनी मी त्या गालाला बोट लावत होते.

बाहेरच्या बाकावर विलास समोर बसला. त्याला म्हटलं, माझ्या तोंडाकडे बघा, वाकडं होते का सांगा. मी म्हटलं, "प." काही नाही. ओठ मिटले, उघडले, वीज नाही. "फ. ब. भ." माझा हात सवयीने वर गेला होता, तो मी खाली घेतला. "म." विलास ओणवा होऊन बघत होता. म्हणाला, "सिदं आहे. एकदम सिदं आहे वं."

आणि मग मी बोलत सुटले. पाच महिन्यांचं साठलेलं. नणंदेचं खर्ऱ्याचं, पाटी उलटी ठेवल्याचं, त्या रात्री तो उपाशी झोपला हे मला किती लागलं होतं ते, मुलं कशी हात धरून अक्षरं म्हणतात ते. बाकावरचे बाकीचे पेशंट आमच्याकडे बघत होते. विलासचे डोळे भरले होते, आणि तोच म्हणाला, "हे इंजेक्शन दोनच तासाचं आहे ना? का डाक्टरले पुन्हा इचारू?"

दोन तासांनी पहिला झटका आला तेव्हा माझं ठरलेलं होतं.

सुई

ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी सांगते: वाटतं तेवढं भयानक नाही. गुंगी देतात, मध्येच जागं करतात. डॉक्टर विचारतात, मुंग्या कुठे येतात? गालात? ओठात? बरोबर जागा सापडली की पुन्हा झोपवतात. मी अर्धवट गुंगीत होते. दात घट्ट मिटा म्हटलं, मिटले. मग मी न विचारताच "भात, मोह, बांबू" म्हणायला लागले म्हणे. नर्सला वाटलं मला भूक लागली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या बेसिनपाशी मी दात घासले. दोन मिनिटांत. नळ बंद करून मी तशीच उभी राहिले आणि मनसोक्त रडले, तोंड पूर्ण उघडून. रडतानाही दुखलं नाही.

ओठावरचं शीत

आता गाल कसा आहे ते प्रामाणिकपणे सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. उजवा गाल आणि वरचा अर्धा ओठ बधिर आहे. दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर जसं असतं तसं, फक्त ते उतरत नाही. जेवताना ओठावर भाताचं शीत चिकटलं तर मला कळत नाही. विलास स्वतःच्या ओठावर बोट ठेवून खूण करतो. चारचौघांत केली की मी डोळे वटारते. सुरुवातीला आतून गाल चावला जायचा आणि रक्त आल्यावर कळायचं. पहिला महिना उजवीकडून पोळी चावता येत नव्हती, ते हळूहळू सुधारलं. चहा आधी डाव्या ओठाला लावून बघायचा, हे पक्कं लक्षात ठेवावं लागतं. एकदा विसरले आणि फोड आला.

कधीकधी सकाळी जाग आली की मी आधी वाट बघते, जुन्या सवयीने. मग काही येत नाही. उद्या वीज येणारच नाही असं मला कुणी लिहून दिलेलं नाही. आलीच तर पुन्हा नागपूरला जाईन, सुई माहीत आहे, डॉक्टर माहीत आहेत. यावेळी दाढांना हात लावू देणार नाही.

शाळा उघडली

जूनच्या शेवटी शाळा उघडली. माझी पहिली आता दुसरीत गेली होती आणि पहिलीत नवी नऊ मुलं आली होती, पण दोन्ही वर्ग एकाच खोलीत. मी हजेरीचं रजिस्टर घेऊन दारात पोचले आणि तिथेच थांबले. मैना नव्या मुलांसमोर उभी होती. एकेकाचा उजवा हात धरून गालाच्या बाजूला, बोटभर अंतरावर आणत होती.

"असा धर. आता म्हण, प. डोरे मिट."

मी आत गेले. सगळी उठून उभी राहिली. मी फळ्यावर मोहाचं झाड काढलं, खाली म लिहिला आणि दोन्ही हात मागे बांधून, त्यांच्याकडे तोंड करून म्हटलं, "म. मोह." ओठ नीट मिटवले, नीट उघडले. डोळे उघडेच ठेवले.

वर्गात कुणीच माझ्यामागून म्हटलं नाही. सगळी मैनाकडे बघायला लागली. तिच्या कपाळाला आठी पडली होती.

"बाई, तुमी हात इसरल्या."

"आता हात नाई लागत," मी म्हटलं. "बिना हाताचा येते."

तिला ते पटलं नाही. ती उठली, माझ्याजवळ आली आणि मी खाली वाकावं म्हणून पदर ओढला. मी वाकले. तिने तळहात उचलला आणि या वेळी बोटभर अंतर न ठेवता सरळ माझ्या उजव्या गालावर ठेवला. मी श्वास रोखला. काही झालं नाही. तिचा हात मला दिसत होता, पण लागत नव्हता.

"मैना," मी म्हटलं.

ती हसली. पुढचे दोन दात पडलेले होते. मी तो हात मनगटाला धरून उचलला आणि माझ्या डाव्या गालावर ठेवला. तळवा गार होता, खडूने खरखरीत झालेला.